चंद्रावरच्या एकराची चतुःसीमा

मुबारकभाईंना एखादी गोष्ट समजत नाही असं कधी होत नाही. ती त्यांना लगेच समजते. समजल्यावर ते ती आपल्या सोयीच्या जागी नेऊन ठेवतात, आणि मग ती तिथून कुणाच्या बापाला हलवता येत नाही. गेली कितीतरी वर्षं मी हे बघत आले आहे. पण मागच्या हिवाळ्यात या सवयीनं माझा अगदी अंत पाहिला. त्या महिन्यातली माझी डायरी उघडली तर पानापानावर एकच नोंद आहे : ‘मु. आले. चंद्र.’

मुबारकभाई बाँडरायटर, म्हणजे स्टॅम्पपेपरवर दस्त लिहून देणारे. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे ते औरंगाबाद होतं तेव्हापासून, दस्त नोंदणी कार्यालयाबाहेरच्या कडुलिंबाखाली त्यांची लाकडी पेटी होती. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या वस्त्यांमध्ये निम्म्या घरांचे कागद त्यांच्या हातचे. शेतमालक शेताचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडायचे, स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचे आणि घेणारा त्यावर घर बांधायचा. सरकारी नोंद वगैरे काही नाही. याला आमच्याकडे गुंठेवारी म्हणतात. पुढे सरकारनं यातल्या बऱ्याच वस्त्या नियमित करून दिल्या, आणि मुबारकभाईंचं तत्त्वज्ञान तिथं कायमचं पक्कं झालं. आधी ताबा घ्या, पत्र्याची एक खोली टाका, कागदाचं काय, आज ना उद्या कायम होतंच.

माझे यजमान दिवाणी वकील होते. मुबारकभाई अडलेले कागद घेऊन त्यांच्याकडे यायचे, ते मुबारकभाईंवर चिडायचे, मग दोघं चहा प्यायचे. यजमान गेल्यावर हे येणं थांबेल असं मला वाटलं होतं. थांबलं नाही. वकीलसाहेबांचं पुस्तकांचं कपाट माझ्याकडे आहे, तेव्हा त्यातलं ज्ञानही वारसाहक्कानं माझ्याकडे आलं, अशी त्यांची समजूत. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, कायद्याशी माझा संबंध नवऱ्याचा डबा भरण्यापुरता, हे मी त्यांना वारंवार सांगितलं आहे. ते त्यांना समजलंही आहे.

तर एका संध्याकाळी ते आले. हातात प्लास्टिकचं फोल्डर, चेहऱ्यावर ईद.

“भाभी, सुमय्याचं जमलं. आणि एक इंग्रजी कागद वाचून द्या.”

सुमय्या त्यांची एकुलती एक. आई लहानपणीच गेली, आत्यानं वाढवली. इंग्रजीसाठी ती माझ्याकडे यायची. आता फार्मसीची पदवी घेऊन सिडकोत एका औषधाच्या दुकानात बसते, आणि डॉक्टरांचं अक्षर वाचता येणारी ती तिथली एकटीच आहे. मुलगा झीशान मूळचा कन्नड गावचा, पुण्याला उपग्रहांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. आईबाप नाहीत, मामानं सांभाळलेला. सगळं ऐकून मला आनंदच झाला. मग मी फोल्डर उघडलं.

आत जाड, पिवळसर कागद होता. खाली सोनेरी शिक्का. कुठल्यातरी परदेशी वेबसाइटनं लिहून दिलं होतं की चंद्रावरची एक एकर जमीन श्री. झीशान यांच्या मालकीची आहे. सोबत नकाशा, त्यावर लाल ठिपका, आणि जागेचं नाव : पावसाचा समुद्र.

“ही मेहर,” मुबारकभाई म्हणाले. “सुमय्याला एक एकर. आपल्या बिरादरीत कुणी एक गुंठा दिला नाही.”

निकाहाच्या वेळी नवरा बायकोला जे देतो किंवा द्यायचं कबूल करतो, आणि जे फक्त तिचं राहतं, ते मेहर. संसार चांगला चालला तर त्याची आठवणही कुणाला होत नाही. मोडला तर बाईच्या हातात जे काही उरतं ते तेवढंच. म्हणून मी कागद खाली ठेवला आणि स्पष्ट सांगितलं, की हा कागद गंमत म्हणून वाढदिवसाला देतात. याची किंमत शून्य आहे.

“शिक्का बघा की भाभी.”

“शिक्का जत्रेतही मिळतो.”

ते हसले, चहा प्यायले आणि गेले. दुसऱ्या दिवशी परत आले.

मी तयारीत होते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून एकोणीसशे सदुसष्टचा आंतरराष्ट्रीय करार छापून आणला होता. अवकाशाबद्दलचा हा मूळ करार, त्यावर भारताचीही सही आहे. मी दुसरं कलम त्यांना मराठीत करून सांगितलं. चंद्र किंवा आकाशातली दुसरी कुठलीही जागा कोणत्याही देशाला आपली म्हणता येत नाही. सार्वभौमत्वाचा दावा करून नाही, वापर करून नाही, ताबा घेऊन नाही, दुसऱ्या कुठल्याही मार्गानं नाही.

“ताबा घेऊनसुद्धा नाही?” त्यांना धक्का बसलेला दिसला.

“नाही.”

“मग अमेरिकेनं झेंडा लावला तो?”

“झेंडा लावला. जागा त्यांची झाली नाही.”

“आपलं यान उतरलं तिथं?”

“उतरलं. जागा आपली झाली नाही.”

ते चहाचे दोन घोट प्यायले. मला वाटलं, पोचलं एकदाचं. “म्हणजे देशाला घेता येत नाही,” ते म्हणाले. “पण झीशान काय देश आहे का, भाभी? तो तर साधा माणूस.”

मी डोळे मिटून घेतले. मग सांगितलं, की माणसाला मालकी देतं कोण? सरकार. ज्या जागेवर कुठल्याच सरकारचा अधिकार नाही, तिथला सातबारा कोणता तलाठी देणार?

“तेच तर,” ते उत्साहानं पुढे सरकले. “तलाठीच नाही, मग हरकत घेणार कोण?”

या माणसाला करारातली पळवाट शोधायला अर्धा कप चहा लागला. मला पुढे वाचनात दिसलं की मोठमोठ्या देशांचे वकीलही हाच मुद्दा काढून बसलेले आहेत. त्यानं माझी चिडचिड कमी झाली नाही, वाढली.

मी दुसरा उपाय केला. म्हटलं, मुबारकभाई, चंद्र म्हणजे अपार्टमेंटची गच्ची समजा. सगळ्यांची सामाईक, कुणा एकाची नाही. वापरा, पण माझी म्हणू नका.

“तुमच्या गच्चीला कुलूप का आहे मग?”

हे बोलायला नको होतं त्यांनी. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर विश्वजीत नावाचा तरुण गृहस्थ राहतो. त्यानं आधी गच्चीवर चार कुंड्या नेल्या. मग डिश बसवली. मग कुंड्यांना आणि डिशला धोका नको म्हणून, निव्वळ सुरक्षेसाठी, दाराला कुलूप घातलं. गच्ची सगळ्यांचीच आहे काकू, किल्ली फक्त माझ्याकडे आहे, असं तो अतिशय नम्रपणे सांगतो. माझे पापड तेव्हापासून खिडकीत वाळतात.

“तो वेगळा विषय आहे,” मी म्हणाले.

त्यानंतर माझ्याच हातून चूक झाली. सगळं प्रामाणिकपणे सांगायची सवय वाईट. मी त्यांना सांगितलं की दोन हजार तेवीसमध्ये भारतानं अमेरिकेच्या पुढाकारानं झालेल्या एका समझोत्यावर सही केली. त्यात चंद्रावर मालकी नाही हेच पुन्हा म्हटलंय, फक्त ज्या देशाचं काम जिथं चालू असेल तिथं भोवती सुरक्षा क्षेत्र ठरवता येईल, म्हणजे इतरांनी तिथं यायचं तर आधी कळवायचं.

मुबारकभाईंचा चेहरा उजळला. तसा उजळलेला मी गुंठेवारीचा कायदा आला तेव्हा पाहिला होता.

“तारेचं कंपाउंड,” ते म्हणाले. “भाभी, हे तर मी आयुष्यभर लिवलंय. आधी दगड मांडायचे. मग सामान ठेवायचं. कुणी विचारलं तर म्हणायचं, मालकी नाही हो साहेब, फक्त सामान ठेवलंय. धा वर्षांनी तीच जागा कायम. चंद्रावर गुंठेवारी चालू झाली म्हणा की. मग आपली पोरगी पहिल्याच लेआउटमधी पायजे.”

मी कराराचे कागद घडी करून कपाटात ठेवले. त्या दिवशी डायरीत मी ‘चंद्र’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

खरं तर मला काळजी त्यांची नव्हती, सुमय्याची होती. आणि ती करणारी मी एकटी नव्हते.

मुबारकभाईंच्या थोरल्या बहीण राहतआपा त्यांच्याच घरी राहतात. तरुणपणी त्यांचा निकाह झाला तेव्हा सासरच्यांनी मेहर म्हणून फर्दापूरजवळ, अजिंठ्याच्या रस्त्यालगत प्लॉट लिहून दिला होता. लेणी बघायला परदेशी लोक येतात, उद्या तिथं हॉटेल निघेल, सोन्याचा भाव येईल, असं सगळे म्हणाले. काही वर्षांनी नवऱ्यानं सोडलं. राहतआपा कागद घेऊन फर्दापूरला गेल्या, तर रस्त्याच्या कडेनं सगळीकडे दुकानं आणि घरं झालेली. त्यांचा प्लॉट कुठला, हे सांगणारा कुणी भेटेना. एका घरात पाणी पाजलं, तिथल्या म्हाताऱ्यानं विचारलं, बाई, शेजारी कोण लिहिलाय? कागदात शेजारी कुणीच नव्हता. ‘चारी बाजूंस मोकळी जमीन’ एवढंच लिहिलेलं. त्या बसनं परत आल्या आणि भावाच्या घरी राहिल्या, त्या आजतागायत.

हा कागद मुबारकभाईंनी लिहिला नव्हता. ते तेव्हा शाळेत होते. पण बाँडरायटर झाल्यावर त्यांनी एक नेम केला, आणि तो मात्र कधी मोडला नाही. जागेवर जाऊन चारी बाजूंचे शेजारी डोळ्यांनी बघितल्याशिवाय चतुःसीमा लिहायची नाही. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस कोण, उत्तरेस कोण. मालकीचं खरंखोटं ते बघायचे नाहीत, त्यावरून यजमानांशी त्यांची कायम भांडणं. पण शेजारी खरे असत. त्यांच्या या नेमामुळे पुष्कळ बायांची घरं वाचली, हे यजमानही कबूल करायचे.

अशा माणसाला चंद्राची भूल पडावी, याचा मला जास्त संताप. लेकीचं भारी काही होतंय, या आनंदापुढे त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

राहतआपा एकदा स्वतः माझ्याकडे आल्या. जिना चढून दम लागलेला, तरी बसायच्या आधीच सुरू झाल्या.

“भाभी, वो नाव क्या है जागेचं? पावसाचा समुद्र?”

“हो.”

“पाणी है क्या उधर?”

“एक थेंब नाही.”

“मग हे आपल्या नळासारखंच झालं. नाव जलवाहिनी, अन् येतं काय तर हवा.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “मैंने काझीसाहेबांना विचारलं. ते म्हनले, देणाऱ्याचं जे नाही ते मेहर म्हणून देता येत नाही. पण चंद्र झीशानचा आहे की नाही ते कुण्या शिकलेल्या माणसाला विचारा.”

म्हणजे पुन्हा मीच.

“मी तुमच्या भावाला शंभरदा सांगितलंय, आपा.”

“तुम्ही कायदा सांगता. कायदा त्याला नक्को सांगू. कायद्याच्या बाहेर बसूनच तर तो म्हातारा झाला.” मग आवाज खाली आला. “मला पोरीच्या हातात माझ्यासारखा कागद नको. बस.”

सुमय्या काय म्हणते, असं मी विचारलं. राहतआपा म्हणाल्या, ती काही बोलत नाही. बापाला इतकं खूश कधी पाहिलं नाही, म्हणते.

मेहर ठरवायला झीशानकडचे लोक आले त्या दिवशी मला बोलावणं होतं. मी जाणार नव्हते. गेले, कारण न जाऊन घरी बसून चिडण्यापेक्षा तिथं चिडलेलं बरं.

मुबारकभाईंच्या बैठकीत गालिचा घातलेला. झीशान एका कडेला बसला होता, शांत, चष्म्याचा, हात कुठे ठेवावेत हे न समजणारा मुलगा. त्याच्या शेजारी त्याचे मामू बासितभाई. कन्नडला त्यांचा पाइप आणि पाण्याच्या मोटारींचा व्यवसाय आहे, उसाच्या पट्ट्यात चांगला चालतो. बोलायला एकटेच पुरेत.

“पूरे मराठवाडे में ऐसी मेहर नहीं हुई होगी,” बासितभाई सांगत होते. “पेपरवाल्याला बोललोय मी. फोटो छापून येणार. दुल्हन, दूल्हा, मागं चंद्र.”

“अन् पोरगी राहणार कुठं, फोटोत?” राहतआपा पडद्याजवळून म्हणाल्या.

“आपा, राहायला पुण्याचा फ्लॅट आहे की.”

“तो तर बँकेचा आहे अजून,” झीशान हळूच म्हणाला. मामूंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

माझ्याकडे बघून बासितभाई म्हणाले, “मॅडम, तुमी शिकलेल्या. सांगा यांना, जमाना कुठं चाललाय.”

“जमाना कुठेही चालला तरी चंद्रावर कुणाची मालकी नसते,” मी म्हणाले. “आंतरराष्ट्रीय करार आहे.”

“करार मोडायलाच असतात, मॅडम.”

“मग हा निकाहही करारच आहे,” राहतआपा म्हणाल्या.

बैठकीत दोन-तीन माणसं हसली. बासितभाईंनी चहाचा कप उचलला. मुबारकभाईंनी मात्र तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी जुनी, उतरत्या झाकणाची पेटी पुढ्यात ओढली, चष्मा लावला आणि स्टॅम्पपेपर सरळ केला. लेकीची मेहर दुसऱ्या कुणाच्या अक्षरात लिहिली जाणं त्यांना शक्यच नव्हतं. इंग्रजी कागद इंग्रजांचा, म्हणाले, आपला मराठीत पाहिजे.

ते लिहायला लागले. लिहिताना तोंडानं बोलायची त्यांची सवय आहे. “लिहून देणार... लिहून घेणार... कारणे मेहरनामा लिहून देतो ऐसाजे... मिळकतीचे वर्णन... चंद्र, मौजे पावसाचा समुद्र, क्षेत्र एक एकर...” मौजे. मी कपाळाला हात लावला.

“यांसी चतुःसीमा,” मुबारकभाई म्हणाले. “पूर्वेस...”

पेन थांबलं.

“झीशान बेटा, पूर्वेला कोण?”

“अंकल, तिथं अक्षांश-रेखांश आहेत. नकाशात दिलेत.”

“ते राहू दे. शेजारी कोण?”

“शेजारी कुणी नाही, अंकल.”

“पश्चिमेला?”

“तिथं कुणीच नाहीये. सगळं मोकळंच आहे.”

मुबारकभाईंनी मान डोलावली. हात सवयीनं पुढे चालला आणि ते लिहिता लिहिता म्हणाले, “चारी बाजूंस मोकळी...”

पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. पेनची निब कागदावर टेकलेलीच राहिली आणि शाई गोल पसरत गेली. मी राहतआपांकडे पाहिलं. त्यांचा हात पडद्याच्या काठावर होता.

“लिही ना,” त्या म्हणाल्या. “मला पाठ आहे पुढचं.”

मुबारकभाईंनी चष्मा काढला. कितीतरी संध्याकाळी मी त्यांना संयुक्त राष्ट्रं, करार, कलमं समजावली होती. त्यांनी एकाही वाक्यानं चष्मा काढला नव्हता. त्यांनी स्टॅम्पपेपर हातात घेतला, मधोमध फाडला, आणि तुकडे नीट घडी करून खिशात ठेवले. स्टॅम्पपेपर फाडताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“बासितभाई,” ते म्हणाले, “जिथं शेजारी नाही तिथं मी लिहीत नसतो.”

“मग आता?” बासितभाईंचा आवाज चढला. “पोरानं प्रेमानं आणलंय. तुमी त्याचा अपमान करताय. असं असेल तर आमी उठतो.”

बासितभाई खरंच अर्धे उठले. झीशान बसूनच होता. पडदा बाजूला झाला आणि सुमय्या बाहेर आली. अशा बैठकीत मुलगी बाहेर येत नाही, पण तिला कुणी अडवलं नाही. ती बापाशेजारी बसली आणि सरळ झीशानशी बोलली, औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते त्याच आवाजात.

“चंद्र मला आवडला. तो भेट म्हणून दे, मी भिंतीवर लावीन. मेहर म्हणून मला जमिनीवरचं पाहिजे. थोडं असलं तरी चालेल. पण जाऊन उभं राहता यायला पाहिजे.”

झीशाननं मामूंकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. मग म्हणाला, “कन्नडला अब्बांनी घेतलेली जागा आहे. छोटी आहे, मोकळीच. माझ्या नावावर झालीये.”

“त्या जागेचं काय काढलं आता,” बासितभाई पुन्हा खाली बसत म्हणाले. “तिथं माझे पाइप आहेत.”

“कवापासून?” मुबारकभाईंनी विचारलं.

“झाली काही वर्षं. आता मालकी त्याचीच आहे भाई, मी कुठं नाही म्हणतो. फक्त सामान ठेवलंय.”

मुबारकभाईंनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांनी आयुष्यभरात किती लोकांना शिकवलं असेल, ते त्यांना माहीत. मीही त्यांच्याकडे पाहिलं, आणि मनात आलेलं काहीही बोलले नाही, हे माझ्या संयमाचं त्या हिवाळ्यातलं एकमेव उदाहरण.

“कंपाउंड घातलंय?” मुबारकभाई.

“तारेचं. चोऱ्या होतात म्हणून.”

“सुरक्षेसाठी.”

“व्हय, सुरक्षेसाठीच.”

“बासितभाई,” मुबारकभाई म्हणाले, “हे काम मला शिकवू नका.”

मग बराच वेळ आवाज चढले-उतरले. बासितभाईंनी आपण भाच्याला कसा वाढवला ते सांगितलं. ते खोटं नव्हतं. झीशाननं ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, “मामू, पाइप माझ्या खर्चानं तुमच्या गोदामात पोचवतो.” तो एवढंच म्हणाला, पण हलला नाही. मला तो मुलगा तेव्हा पहिल्यांदा आवडला.

मुबारकभाई आणि राहतआपा दोघं एसटीनं कन्नडला गेले. मला यायचा आग्रह होता, साक्षीदार म्हणून. मी नाही म्हणाले. तरी सगळा वृत्तान्त ऐकावा लागलाच, एकदा भावाकडून, एकदा बहिणीकडून. पूर्वेला कचरू सुताराचं घर आहे, त्यांनी बसवून चहा दिला. पश्चिमेला नगरपालिकेची गल्ली. उत्तरेला कुणा वच्छलाबाईंचा गोठा, दोन म्हशी, एक मारकी. दक्षिणेला रस्ता, साखर कारखान्याचे उसाचे ट्रॅक्टर जातात. मुबारकभाई लिहून घेत असताना राहतआपा एकेका हद्दीपाशी जाऊन उभ्या राहत होत्या. गोठ्याच्या भिंतीला हात लावला म्हणाल्या. म्हशीनं फुत्कार टाकला तरी काढला नाही.

आणि मग या माणसानं काय करावं? ज्यानं चाळीस वर्षं लोकांना सांगितलं की नोंदणीला काय घाई आहे, बाँड पुरे, त्यानं मेहरचा तो दस्त रीतसर नोंदवून घेतला. स्टॅम्प, फोटो, अंगठा, सगळं. मी विचारलं, मुबारकभाई, इतरांच्या मुलींना बाँड आणि तुमच्या मुलीला दस्त?

“वकीलसाहेब हेच म्हणायचे,” ते म्हणाले.

“तेव्हा का ऐकलं नाहीत?”

“ऐकलं होतं की, भाभी. ठेवलं होतं.”



निकाह मुकुंदवाडीतल्याच एका हॉलमध्ये झाला. बासितभाई आले होते, जरा फुगलेले, पण शेरवानीत. पाइप हलले होते. सोनेरी शिक्क्याचा चंद्र फ्रेम करून भेटवस्तूंच्या टेबलावर ठेवलेला, आणि पेपरवाल्यानं त्याचाच फोटो काढला. काझीसाहेबांनी मेहरचा उल्लेख केला. इथं ‘कन्नड येथील जागा’ एवढं म्हटलं की पुरतं, पण मुबारकभाई उठले, खिशातून कागद काढला आणि चष्मा लावला. बिर्याणीची पातेली बाहेर उघडलेली. लोक उठायच्या बेतात.

“यांसी चतुःसीमा,” त्यांनी वाचलं. “पूर्वेस कचरू सुतार यांचे राहते घर. पश्चिमेस नगरपालिकेची गल्ली. दक्षिणेस रस्ता. उत्तरेस वच्छलाबाई यांचा गोठा.”

बायकांच्या बाजूला राहतआपा प्रत्येक नावाला मान हलवत होत्या. सुमय्याच्या खांद्यावर त्यांचा हात होता.

मला वाटलं संपलं. मुबारकभाईंनी कागद जरा वर धरला.

“वरील बाजूस आकाश. ते कोणाच्याही मालकीचे नाही. आंतरराष्ट्रीय करार.”

काझीसाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. दस्ताला चार सीमा असतात. पाचवी कुणी लिहीत नाही. नोंदणीच्या प्रतीत ती नव्हतीच, मी नंतर तपासलं. ही त्यांनी स्वतःच्या प्रतीवर, स्वतःच्या अक्षरात वाढवली होती.

जेवताना ते माझ्या टेबलाशी आले, वाटीत जास्तीचा डालचा घेऊन.

“मुबारकभाई, प्लॉटच्या दस्तात आकाश कशाला?”

“तुम्हीच तर सांगितलं, भाभी.”

“मी चंद्राबद्दल सांगितलं होतं. प्लॉटवरच्या हवेचा कायदा वेगळा असतो.”

“समजलं,” ते म्हणाले. त्यांना समजलं होतं, ते दिसतच होतं, आणि ती ओळ ते खोडणार नव्हते, हेही दिसत होतं. मग वाटी माझ्यापुढे सरकवून त्यांनी विचारलं, “तुमच्या गच्चीचं कुलूप आहे का अजून? उद्या येतो. वरच्या मजल्याच्या पोराला जरा विचारू, कुंड्या कवापासून आहेत.”